आमच्या गल्लीची यंदाची पीडा

ज्या दिवशी आम्ही नागपूरच्या टोकाचं हुडकेश्वर सोडून जुन्या महाल भागात राहायला गेलो, त्याच दिवशी आमचे घरमालक महाल सोडून हुडकेश्वरला राहायला गेले.

आमचा टेम्पो गल्लीत शिरत होता आणि त्यांचा बाहेर निघत होता. आमच्या त्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी एकाला कोणाच्या तरी ओट्यावर पाय टेकवून उभं राहावं लागतं. इथे तर दोन टेम्पो! मागे कोणी घेईना. दोन्ही ड्रायव्हर खाली उतरले आणि एकाच पन्नीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत गप्पा मारायला लागले. घरमालक माझ्याजवळ आले.

"साहेब, तुमच्या हुडकेश्वरच्या बिल्डिंगले लिफ्ट आहे ना?"

"आहे."

"पार्किंग?"

"आहे."

"मंग इकडं काहून येऊन राहिले?"

"इतिहासासाठी!" मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि बायकोला हाक मारली, "अवं, बस लवकर टेम्पोत. यांचा विचार बदलाच्या आधी निघू!"

आता त्यांना काय सांगणार? माझा जन्म खापरखेड्याच्या कॉलनीतला. वडील वीज केंद्रात. तिथली सगळी क्वार्टरं एका साच्यातली. दारावरचा नंबर पुसला गेला की माणूस शेजाऱ्याच्या घरी जाऊन जेवायला बसायचा (माझे वडील एकदा बसले होते, भाजी बरी होती म्हणून पूर्ण जेवूनच उठले). कॉलनीतली सर्वांत पुरातन वास्तू म्हणजे चिमणी, आणि ती बघायला बाहेरगावाहून कोणी येत नसे. पुढे नोकरी, लग्न, हुडकेश्वरचा फ्लॅट. तिथे तर बिल्डिंगपेक्षा माझा चष्मा जुना होता. अशा माणसाला पन्नाशी जवळ आल्यावर इतिहासाची तहान लागली, तर त्यात त्याचा काय दोष?

शिवाय अलीकडे महालाला बरे दिवस आले होते, निदान मोबाईलवर तरी. पलीकडच्या गल्लीत धान्याच्या जुन्या गोदामात कॅफे निघाला होता. तिथे भिंतीचं प्लास्टर मुद्दाम उखडून आतल्या विटा दाखवल्या होत्या, आणि तर्री-पोहे मातीच्या कुंडीत मिळत. (त्याच कॅफेच्या समोर एक गृहस्थ आपल्या भिंतीच्या विटा दिसतात म्हणून गवंड्याच्या हातापाया पडत होते.) लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला यायची आणि कोणाच्याही ओट्यावर बसून एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहायची. आमच्या समोरच्या इंदूताई आतून ओरडायच्या, "अवं माय, माह्या वाळवणावर बसून पिरेम करून राहिले!"

मी मात्र हरखून गेलो होतो. माझी बायको वैशाली हरखली नव्हती. तिने पहिल्याच दिवशी, कुकर कुठल्या खोक्यात आहे ते शोधता शोधता, अट घातली.

"एक वर्ष. पुढच्या पोळ्यापर्यंत. तोपर्यंत या गल्लीतल्या एकानं तरी आपल्याले आपलं म्हटलं, तर राहू. नाही तर सामान बांधायचं अन् गुमान घरी जायचं. आपल्या बंद फ्लॅटची किल्ली मी प्रशांतजवळ ठेवली आहे."

प्रशांत म्हणजे तिचा भाऊ. तो आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतो आणि सोसायटीचा सेक्रेटरी आहे. तो दर रविवारी मला फोन करून एकच प्रश्न विचारायचा, "भाऊजी, गाडी कुठं लावली?" गाडी मी इतकी दूर लावत असे की तिथपर्यंत जायला ऑटो करावा लागे. पण हे मी त्याला कधी कळू दिलं नाही.

तर, गल्लीला मी आपला वाटलो पाहिजे! मी कामाला लागलो. वैशाली लागली नाही. ती दुपारी इंदूताईंच्या ओट्यावर बसून काडीवर कणकेचे सरगुंडे वळायची आणि कोणाच्या सुनेचं काय, कोणाच्या जावयाचं काय, ते ऐकत बसायची. "अगं, असा वेळ घालवून लोक आपले होतात का?" मी तिला समजावलं. "त्यासाठी काही योजना लागते!"

माझी योजना होती. दर रविवारी सकाळी मी 'चला जुन्या महालात' नावाची फेरी सुरू केली. मुद्दाम वाढवलेली दाढी, निळा खादीचा लांब कुर्ता, खांद्यावर शबनम, डोक्यावर गवती टोपी आणि गळ्यात अडकवायचा छोटा माईक, असा माझा थाट. मोबाईलवर जाहिरात टाकली की शहरभरातून हौशी मंडळी यायची. सात वाजता मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून माईकवर गर्जना करायचो, "मित्रहो, आता आपण काळाच्या मागे जात आहोत!" त्या वेळी काळाच्या मागे अर्धी गल्ली तोंडात ब्रश घालून ओट्यावर बसलेली असायची. मी त्यांच्यामागची खांबांवरची नक्षी दाखवायचो. ते पटकन टॉवेल पांघरायचे. मंडळी फोटो काढायची. एकदा तर मी "हा पाहा मूळचा दरवाजा!" म्हणून कडी वाजवून दाखवली, तर आतून एक म्हातारे गृहस्थ दूधवाला समजून पातेलं घेऊन बाहेर आले. त्यांचाही फोटो छान आला.

गल्लीच्या ग्रुपवर मी रोज पहाटे 'तुम्हाला माहीत आहे का?' हे सदर चालवायचो. कोणी दाराला पोपटी ऑइलपेंट लावायला काढला की मी डबा हातातून काढून घ्यायचो आणि सागवानाचं महत्त्व समजावून सांगायचो. लोक ऐकून घ्यायचे. "हो, साहेब," म्हणायचे. गल्लीत मला सगळे साहेब म्हणत. वैशालीला मात्र खुशाल, "अवं वैशाली, जरा विरजण दे वं!" असं काही म्हणजे काही आदर न ठेवता हाका मारत. मला तिची कीव यायची.

आणि मग सिमेंट रस्त्याचं प्रकरण झालं.

आमच्या गल्लीत जुन्या काळ्या दगडी फरश्या आहेत. उन्हाळ्यात एक दिवस कंत्राटदाराची माणसं मिक्सर घेऊन आली. त्या फरश्यांवर सिमेंट टाकायचं होतं. मी ऑफिसला दांडी मारली, फेरीतल्या मंडळींना फोन केले आणि मिक्सरसमोर जाऊन उभा राहिलो! माझ्यामागे मंडळी हातात हात घालून साखळी करून उभी. त्यातल्या एक बाई सिव्हिल लाइन्सहून आल्या होत्या; त्या तर रडल्या.

"हा इतिहास आहे!" मी माईकवरून ओरडलो. "याच्यावर सिमेंट टाकायचं असेल तर आधी माझ्यावर टाका!"

कंत्राटदाराचा माणूस थोडा वेळ विचार करत उभा राहिला (त्या विचाराची मला जरा भीती वाटली). मग म्हणाला, "मले काय जी, मी दुसऱ्या गल्लीत टाकतो." आणि मिक्सर गेला.

सगळी गल्ली ओट्यांवर उभी राहून बघत होती. कोणीही एक शब्द बोललं नाही. माणसं भारावून गेली की अशीच गप्प होतात, असं मी रात्री वैशालीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, झोपा."

पावसाळ्यात त्या फरश्यांवर शेवाळ धरलं. लोक घसरायला लागले. आधी एक दूधवाला घसरला, मग पोस्टमन, मग एक लग्न ठरलेलं जोडपं (ते हातात हात घालूनच घसरलं, त्यामुळे फोटो चांगले आले असावेत). शेवटी वामनजी घसरले. वामनजी म्हणजे आमच्या गल्लीतले कर्ते पुरुष. गांधीबागेत त्यांचं साड्यांचं दुकान. ते दुकानातून साड्यांचा गठ्ठा घेऊन येत होते. गठ्ठा वाचला, उजवा हात मोडला. मी लगोलग त्यांना भेटायला गेलो.

"वामनजी," मी म्हणालो, "वाईट वाटून घेऊ नका. ज्या फरशीवर तुम्ही पडलात, तिच्यावर भोसल्यांच्या काळात एखादा सरदारही पडला असेल!"

वामनजींनी प्लास्टरकडे पाहिलं. "त्याचाही हात मोडला असन, साहेब," ते म्हणाले.

केवढी इतिहासाची जाण!

बघता बघता पोळा जवळ आला. वर्ष संपत आलं आणि अजून कोणी मला आपलं म्हटलं नव्हतं. वैशालीने तर खोकी पुन्हा पुसून ठेवली होती. माझी झोप उडाली. फेरी बंद होणार, माईक बंद होणार, पुन्हा तो लिफ्टमधला आरसा आणि त्यात मी! खरंच सांगतो, मला फार वाईट वाटत होतं. आणि अशा वेळी एका संध्याकाळी वामनजी स्वतः आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"साहेब, यंदा गल्लीचा बडग्या करून राहिलो आम्ही. तुमचा एखादा जुना कुर्ता भेटन काय?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो (सवय आहे, जात नाही). पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा दोन मारबती, म्हणजे बायकांचे प्रचंड पुतळे, आणि त्यांच्याबरोबर मोहल्ल्यामोहल्ल्यांचे बडगे. बडग्या म्हणजे बांबू, कागद आणि तणसाचा पुतळा. वर्षभर लोकांना ज्याने छळलं, मग ती महागाई असो की रोगराई, त्याचा बडग्या करायचा, "घेऊन जा गे मारबत!" म्हणून बोंब मारत मिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. म्हणजे पीडा गेली. आणि अशा बडग्यासाठी गल्लीने कपडा मागितला कोणाकडे? माझ्याकडे!

"जुना कशाला?" मी म्हणालो. "चांगला घ्या! हा निळाच घ्या!"

"टोपी बी भेटली असती तर..."

"टोपी घ्या! शबनम घ्या!" मी खुंट्या रिकाम्या करत सुटलो. "पण विषय काय आहे यंदाचा?"

वामनजी जरा घुटमळले. "आहे जी, एक पीडा."

"कुठली?"

"आता काय सांगाव! सकाळी सकाळी येते अन् कानाशी घुणघुण करते. झोपू देत नाही."

"डास!" मी टाळी वाजवली.

"त्यातलंच समजा," वामनजी म्हणाले.

"घालवली तरी जात नाही!"

"नाही जात ना, साहेब! तेच तर!" वामनजी इतक्या कळवळून बोलले की मी त्यांच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला.

मग त्यांनी विचारलं की बांबूचा सांगाडा कुर्त्यात नीट बसावा म्हणून माप घेता येईल का. मी म्हटलं, मापं कसली घेता, मीच येतो! वामनजींच्या मागच्या अंगणात मी हात पसरून उभा राहिलो आणि गल्लीतल्या पोट्ट्यांनी माझ्याभोवती बांबू बांधले. पोट्टे सारखे खिदळत होते. मी म्हटलं, चला, तरुण पिढी परंपरेत रमली आहे. चेहरा कसा करावा, याबद्दलही मीच सूचना दिल्या. "नाक मोठं करा. डासाची सोंड सूचित झाली पाहिजे. आणि तोंड उघडं ठेवा. सतत भुणभुणणारं."

"तोंड उघडंच ठेवून राहिलो, साहेब," एक पोट्टा म्हणाला आणि पळत आत गेला.

घरी येऊन मी वैशालीला म्हणालो, "बघितलंस? हे आपलेपण! आता बांधून दाखव सामान!"

 वैशालीच्या हाताला कोपरापर्यंत मैद्याची खळ लागली होती. मला वाटलं, करंज्यांची काही गडबड असेल.

मारबतीच्या दिवशी मी कसलीही कसर ठेवली नाही. 'चला जुन्या महालात'ची खास फेरी जाहीर केली. आमच्या गॅलरीत खुर्च्या मांडल्या. हुडकेश्वरहून प्रशांतला मुद्दाम बोलावलं. "ये, आणि डोळ्यांनी बघ, तुझ्या भाऊजीला या गल्लीत काय किंमत आहे ते!" तो आला. आल्या आल्या म्हणाला, "भाऊजी, गाडी कुठं लावू?" आणि गाडी लावून परत यायला त्याला इतका वेळ लागला की तोवर अर्धी पोहेपार्टी संपली होती.

गॅलरी मंडळींनी भरून गेली. सिव्हिल लाइन्सच्या बाई मोबाईल सरसावून पहिल्या खुर्चीत. मी कठड्याशी उभा, गळ्यात माईक. खाली डफडी वाजायला लागली. गल्लीच्या टोकाला गर्दी दिसली आणि गर्दीच्या डोक्यांवर चादरीत झाकलेलं काहीतरी उंच डोलत डोलत यायला लागलं.

"मित्रहो!" मी माईकवरून सुरुवात केली. "येत आहे आमच्या गल्लीचा बडग्या! बडग्या हा समाजाचा आरसा असतो. सामान्य माणसाला छळणारी जी क्षुद्र, रक्तपिपासू, निर्लज्ज प्रवृत्ती, तिला इथे जाहीर शासन होतं! आणि सांगायला अभिमान वाटतो, की यंदाच्या बडग्याच्या घडणीत प्रस्तुत वक्त्याचाही मोठा वाटा आहे!"

टाळ्या पडल्या. खाली वामनजी सगळ्यांच्या पुढे. उजवा हात गळ्यात, डावा हात वर. त्यांनी आवाज दिला, "ईडा पीडा..."

"घेऊन जा गे मारबत!" गल्ली गरजली. मीही माईकवरून गरजलो.

"खोकला खासी..."

"घेऊन जा गे मारबत!" माझा आवाज सर्वांत मोठा. माईकच होता ना!

"सकाळी सातले डोक्स खाणाऱ्याले..."

"घेऊन जा गे मारबत!" मी.

"आमच्या आंघोळीचे फोटो काढणाऱ्याले..."

"घेऊन जा गे मारबत!" मी मंडळींना हाताने खुणा करून साथ द्यायला लावलं. सगळी गॅलरी ओरडायला लागली. प्रशांत ओरडत नव्हता. तो खाली वाकून निरखून बघत होता.

"सिमेंट रोड अडवणाऱ्याले..."

"घेऊन जा गे..."

आणि नेमकी त्याच वेळी चादर ओढली गेली.

निळा कुर्ता. शबनम. गवती टोपी. गळ्यात दुधी भोपळ्याचा माईक, आणि तोंड सताड उघडं. नाक मी सांगितल्याप्रमाणे मोठं होतं. पोट मात्र मी सांगितल्यापेक्षाही मोठं होतं (ती निव्वळ अतिशयोक्ती आहे). छातीवर पुठ्ठ्याची पाटी: 'आधी माझ्यावर टाका'.

"...मारबत," मी माईकवरून म्हणालो. ते अगदी बारीक आवाजात म्हणालो, पण माईक चांगला असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

प्रशांत माझ्या कानाशी आला. "भाऊजी, थो डास नाही. थे तुम्ही आहात."

"कळलं मला!" मी म्हणालो. हेही माईकवरून गेलं.

खाली असा काही हशा पिकला की डफडीवाला डफडं खाली ठेवून बसला. गॅलरीतल्या मंडळींना आधी कळेना. कळल्यावर त्यांनी मला सावरायला हवं होतं की नाही? सिव्हिल लाइन्सच्या बाई म्हणाल्या, "सर, किती छान! जरा खाली जाऊन त्याच्या शेजारी उभे राहता का? दोघांचा एक हवा आहे."

मी शेवटचा आधार म्हणून वैशालीला शोधायला लागलो. अशा वेळी माणसाला बायको लागते. खुर्च्यांत ती नव्हती. स्वयंपाकघरात नव्हती. मग मला ती दिसली. खाली, बडग्याच्या बरोबर मागे, इंदूताईंच्या शेजारी, पदर खोचून, एका हाताने बडग्याचा बांबू धरून ती बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "घेऊन जा गे मारबत!" आणि तेव्हाच माझं लक्ष बडग्याच्या दाढीकडे गेलं. ती दाढी मी ओळखत होतो. ते वैशालीचं गंगावन होतं! आमच्या लग्नातलं!

बडग्या गेला. मारबतीच्या मागे मागे शहराबाहेर गेला आणि जळला. जाळताना मी हजर नव्हतो (प्रशांत होता, त्याने व्हिडिओ काढला). मी घरात खुर्चीवर बसून राहिलो होतो. दुपारी वैशाली आली, घामाघूम, गालाला निळा रंग लागलेला, आणि गेल्या दहा वर्षांत दिसली नसेल इतकी खूश.

"सामान बांध," मी म्हणालो. "वर्ष झालं. एकानंही आपलं म्हटलं नाही. जाळलं मात्र सगळ्यांनी मिळून."

"कोणाले नाही म्हटलं?" ती हात धुता धुता म्हणाली.

एवढ्यात दारात वामनजी आणि इंदूताई उभे. इंदूताईंच्या हातात ताट, ताटात पुरणपोळ्या. वामनजी माझ्यासमोर येऊन बसले. त्यांचा घसा बसला होता.

"राग नका मानू, साहेब. परक्याचा बडग्या आम्ही करतच नाही. कॅफेवाल्याचा केला काय? नाही केला. त्या फोटोवाल्या पोट्ट्यापोट्टींचा केला काय? ज्याच्यावर रागवाचा हक्क असते, त्याचाच करतो आम्ही."

मला एकदम भरून आलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणीच आलं. ज्या एका शब्दासाठी वर्षभर पहाटे उठलो, तो शब्द आता वामनजींच्या ओठांवर आला होता!

"म्हणजे वामनजी... मी आपला?"

वामनजींनी इंदूताईंकडे पाहिलं. इंदूताईंनी पुरणपोळ्यांकडे पाहिलं.

"आता असं आहे," वामनजी सावकाश म्हणाले, "वैशाली आपली आहे. लय आधीपासून आपली आहे. मंग तिच्या घरचे म्हटल्यावर, तुम्ही बी आलेच ना त्याच्यात."

मी तेवढ्यावरही मोठ्या मनाने उभा राहिलो. "ठीक आहे! गल्लीच्या इच्छेपुढे मी मान तुकवतो. सिमेंट रस्त्याला असलेला माझा विरोध मी आज, या क्षणी, मागे घेतो!"

"थे काम वैशालीनं केव्हाचंच लावलं," इंदूताई म्हणाल्या. "कंत्राटदाराले घेऊन आली होती मागच्या आठवड्यात. फरश्या जशाच्या तशा काढून मंदिराच्या अंगणात बसवाच्या, अन् इथं रोड. पोळ्याची गडबड आटोपली की लागते काम. बेस डोक्स चालते पोरीचं!"

"मला कोणी सांगितलं नाही?"

"तुम्ही मधात उभे राहता ना," वैशाली म्हणाली.

आता अपमानालाही काही मर्यादा असते. मी खुर्ची मागे सारली. "प्रशांत! किल्ली काढ! मी एकटा जाऊन राहीन हुडकेश्वरला! तुझी बहीण राहू दे इथे, तिच्या गल्लीत!"

माझी अपेक्षा होती की वैशाली घाबरेल. ती पुरणपोळीवर तूप वाढत होती. "जा न. प्रशांत, घेऊन जा गा यांना दोन-चार महिने. मी काही येत नाही."

सगळ्यांनी प्रशांतकडे पाहिलं. प्रशांतचा चेहरा पडला. त्याने खिशातल्या किल्लीवर हात ठेवला, काढली मात्र नाही.

"भाऊजी, तुम्ही या न, घर तुमचंच आहे," तो म्हणाला. "पण आता सोसायटीच्या पाण्याच्या टाकीले रंग द्याचा आहे. टाकी जुनी आहे म्हणत तुम्ही मधात उभे राहसान. मंग मी सेक्रेटरी म्हणून काय करू? आमच्या तिकडं तर मारबत बी निघत नाही जी!"

तेव्हापासून मी महालातच आहे. मारबतीने नेलं नाही आणि मेहुण्यानेही नेलं नाही. जी जुनी वस्तू न्यायला कोणीच तयार होत नाही, ती जिथल्या तिथे पडून राहते, आणि बऱ्याच वर्षांनी लोक तिला वारसा म्हणायला लागतात. मी वाट बघतो आहे.